पायथागोरसच्या गावातला बोगदा

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात मी एक गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली होती. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या सामोस बेटावर एका डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोगदा खणायला सुरुवात झाली, दोन्हीकडचे खोदकाम डोंगराच्या पोटात एकमेकांना येऊन मिळाले, आणि हे शक्य झाले ते पायथागोरसच्या प्रमेयामुळे. पायथागोरस मूळचा सामोसचाच. गोष्ट इतकी नेटकी जुळत होती की ती तपासून पाहावी असे मला वाटले नाही. पुढे त्या गावी जाण्याचा योग आला, बोगद्यात उतरता आले, आणि परतल्यावर त्याविषयी जे वाचायला मिळाले ते वाचले. तेव्हा लक्षात आले की माझ्या गोष्टीतला पहिला भाग खरा होता, पण शेवटचे वाक्य बरेचसे माझ्या पदरचे होते. शिबिरातल्या काही शिक्षकांनी ती गोष्ट आपापल्या वर्गात सांगितल्याचे मला नंतर कळले. तिची दुरुस्ती करणे माझ्याकडे लागते.

सामोस हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे. मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी दीड-दोन किलोमीटरच भरते. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर एक छोटे बंदर आहे. त्याचे आजचे नाव पायथागोरिओ. १९५५ पर्यंत त्याला तिगानी म्हणत. तिगानी म्हणजे तळणीचा तवा. बंदराचा आकार लांब दांड्याच्या तव्यासारखा आहे म्हणून हे नाव पडले असे सांगतात. तव्याच्या गावाचे नाव बदलून गणितज्ञाचे नाव द्यावे असे गावकऱ्यांना वाटले, यात नवल नाही. धक्क्याच्या टोकाशी पायथागोरसचा पुतळा आहे. त्याची रचनाच काटकोन त्रिकोणाची आहे. एक उभी बाजू, एक तिरपी बाजू, आणि त्या दोहोंच्या मधे हात वर करून उभा असलेला पायथागोरस. फोटो काढणाऱ्यांची तिथे रांग लागलेली असते.

बंदरावरच्या दुकानांतून मातीचे पेले विकायला ठेवलेले असतात. त्यांना पायथागोरसचा पेला म्हणतात. पेल्याच्या मधोमध एक खुंट असतो आणि आत एक खूण. खुणेपर्यंत द्राक्षासव ओतले तर ते खुशाल प्यावे. हाव धरून खुणेच्या वर ओतले की सगळेच्या सगळे तळाच्या भोकातून मांडीवर. आपल्याकडे तीर्थक्षेत्री मिळणारा वासुदेवाचा पेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. पाणी बाळकृष्णाच्या पायाला लागले की यमुना ओसरते, तीच ही युक्ती. खुंटाच्या आत उलट्या इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वक्रनलिका लपवलेली असते. पाण्याची पातळी तिच्या वाकणाच्या वर गेली की नळी भरून वाहू लागते, आणि आतल्या तोंडाशी हवा शिरेपर्यंत थांबत नाही. सार्वजनिक मुताऱ्यांत ठरावीक वेळाने आपोआप रिकामी होणारी टाकीही याच तत्त्वावर चालते. मात्र या पेल्याचा पायथागोरसशी संबंध असल्याचा जुना पुरावा नाही. तसे पाहिले तर प्रमेयाचेही थोडेबहुत तसेच आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंमधले नाते बाबिलोनच्या लोकांना त्याच्या हजारएक वर्षे आधी माहीत होते, आणि आपल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही ते स्पष्ट दिले आहे. पायथागोरसने स्वतः लिहिलेले काहीच उरलेले नाही. त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे त्याच्यानंतर काही शतकांनी लिहिले गेले.

सामोसची कीर्ती ग्रीक जगात पसरली ती पायथागोरसमुळेच असे नाही. इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने या बेटावर बरीच पाने खर्ची घातली, आणि त्याचे कारणही त्यानेच नोंदवले आहे. ग्रीकांनी केलेल्या बांधकामांपैकी तीन सर्वांत मोठी कामे इथे आहेत, म्हणून. पहिला बोगदा, दुसरा बंदराचा धक्का, तिसरे हेरा देवीचे देऊळ.

धक्का अजून आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. आजचा धक्का प्राचीन धक्क्याच्या पाठीवर उभा आहे. हिरोडोटसने दिलेली लांबी दोन स्टेडियमांहून अधिक, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या वर भरते. खोल समुद्रात दगडांची भर टाकून इतका लांब बांध घालणे हे त्या काळी लहान काम नव्हते. देऊळ गावाच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर आहे. आता तिथे एकच खांब उभा आहे, आणि तोही अर्ध्या उंचीचा. बाकी जोती आणि विखुरलेले दगड. पण उत्खननात इजिप्त आणि बाबिलोनकडच्या कितीतरी वस्तू इथे सापडल्या आहेत, त्यावरून या बंदराचा पसारा केवढा होता ते कळते. हेरा देवीचा पक्षी मोर. सामोसच्या नाण्यांवरही मोर आढळतो. देवळाच्या आवारात मोर पाळलेले असत असे जुने लेखक सांगतात. मोर मूळचा आपला. तो इराणमार्गे कुठल्या कुठे जाऊन पोचला आणि एका ग्रीक देवीचा झाला. हे वाचल्यावर त्या उजाड जोत्यांकडे पाहताना थोडे घरच्यासारखे वाटले.

आता बोगद्याकडे वळू. गावाच्या उत्तरेला एक डोंगर आहे. प्राचीन शहर डोंगराच्या दक्षिण उतारावर, समुद्राकडे तोंड करून वसले होते. भरवशाचा मोठा झरा मात्र डोंगरापलीकडे, आजच्या आगियादेस वस्तीपाशी. पाणी डोंगराला वळसा घालून उघड्या पाटातून आणता आले असते. पण मग शत्रूने वेढा घातला की पहिली कुदळ त्या पाटावर पडणार. ही भीती काल्पनिक नव्हती. इ.स.पू. ५२५ च्या सुमारास स्पार्टाच्या सैन्याने सामोसला चाळीस दिवस वेढा घातला होता. शेवटी तो उठवून सैन्य परत गेले. तेव्हा झरा वरून झाकून टाकायचा, तिथून डोंगरापर्यंत जमिनीखालून नळ न्यायचे, आणि डोंगर आरपार पोखरायचा, असे ठरले. हे काम युपालिनोस नावाच्या माणसाने केले. तो मेगारा गावचा, नाउस्ट्रोफोसचा मुलगा. त्याच्याविषयी आपल्याला एवढेच ठाऊक आहे, तेही हिरोडोटसने एका वाक्यात नाव घेतले म्हणून. काम पॉलिक्रेटीस या हुकूमशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स.पू. ५३० च्या आसपास झाले असे पूर्वी सरसकट मानत. आता ते त्याच्याही थोडे आधी, इ.स.पू. ५५० च्या सुमारास सुरू झाले असावे असे मत आहे. म्हणजे डोंगरावर पहिली छिन्नी पडली तेव्हा पायथागोरस फार तर विशीतला तरुण होता.

बोगद्याची लांबी १,०३६ मीटर. रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे १.८ मीटर. डोंगराचा माथा बोगद्याच्या वर १७० मीटर. दगड चुनखडीचा, हत्यारे छिन्नी आणि हातोडा. वर्गात गुणाकार करून पाहावा: १.८ × १.८ × १,०३६ म्हणजे जवळजवळ ३,३६० घनमीटर दगड. आणि हा झाला नुसता बोगदा, पाण्याचा चर वेगळाच. इतक्या अरुंद तोंडाशी एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसांना छिन्नी चालवता येत नाही. मग हजार माणसे कामाला लावली तरी वेग वाढणार कसा? म्हणूनच दोन्ही टोकांकडून खणायचे. वेग दुप्पट होतो, पण धोकाही तिथेच निर्माण होतो. कामाला आठ-दहा वर्षे लागली असावीत असा अंदाज आहे. प्रत्येक बाजूला सरासरी पाचशे मीटर धरले तर रोजची प्रगती वीतभर किंवा त्याहून कमी येते.

पर्यटकाला दक्षिणेच्या तोंडाने आत जाता येते. दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये बोगदा पुन्हा लोकांसाठी खुला झाला. उतरण्याचा जिना आणि सुरुवातीची वाट इतकी अरुंद आहे की जरा स्थूल माणसाने अंग चोरूनच जावे. पुढे वाट रुंदावते आणि ताठ चालता येते. एका कडेला खोल चर दिसतो. भिंतीवर छिन्नीचे वार अजून ताजे वाटतात. थोडे आत गेल्यावर मी मागे वळून पाहिले, तर तोंडाकडचा उजेड सरळ रेषेत दिसत होता. युपालिनोसच्या कामगारांचे रोजचे उपकरण कदाचित हेच असेल. मागे वळून उजेड दिसतो आहे तोवर आपण सरळ चाललो आहोत.

पण सरळ चालणे आणि योग्य दिशेने चालणे या दोन गोष्टी वेगळ्या. खरा प्रश्न इथेच आहे. दिशा सुरुवातीलाच फक्त एक अंशाने चुकली तर पाचशे मीटर गेल्यावर चूक किती होईल? ५०० ला एक अंशाच्या टॅन्जन्टने, म्हणजे ०.०१७५ ने गुणावे. पावणेनऊ मीटर! बोगदा पावणेदोन मीटर रुंद. दोन्हीकडचे कामगार एकमेकांच्या शेजारून निघून गेले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

माझ्या शिबिरातल्या गोष्टीचे मूळ अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या ग्रंथात आहे. एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन तोंडे ठरलेली असताना त्यांच्यामधून सरळ बोगदा कसा खणावा, हा प्रश्न त्याने घातला आहे आणि सोडवला आहे. एका तोंडापासून निघायचे आणि डोंगराच्या पायथ्याने, दर वळणावर काटकोनात वळत, दुसऱ्या तोंडापर्यंत जायचे. प्रत्येक तुकड्याची लांबी मोजायची. समजा सगळ्या बेरजा-वजाबाक्या झाल्यावर असे निघाले की दुसरे तोंड पहिल्याच्या ८०० मीटर उत्तरेला आणि ६०० मीटर पूर्वेला आहे. मग तोंडाशी मोकळ्या जागेत चार मीटर आणि तीन मीटर बाजूंचा छोटा काटकोन त्रिकोण आखायचा. त्याच्या कर्णाची दिशा तीच बोगद्याची दिशा. दुसऱ्या तोंडाशीही तसाच त्रिकोण. लक्षात घ्या, यात पायथागोरसचे प्रमेय दिशेसाठी लागतच नाही. लागतात ते समरूप त्रिकोण. प्रमेय लागेल ते फार तर बोगद्याची लांबी किती भरेल हे काढायला.

रीत सुरेख आहे. पण हेरॉन इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, युपालिनोसनंतर सहाशे वर्षांनी झालेला. त्याने सामोसचे नाव घेतलेले नाही. आणि ही रीत कागदावर जितकी सोपी तितकी डोंगराच्या पायथ्याशी अवघड. खडकाळ उतारावर काटकोनात वळणे घेत जायचे, दर वळणावर काटकोनात थोडी चूक, दर तुकड्याच्या लांबीत थोडी चूक, आणि शेवटी त्यांचा हिशेब एका छोट्याशा त्रिकोणात उतरवून त्याची दिशा अर्धा किलोमीटर लांबवायची. १९६५ मध्ये स्टीफन टूलमिन आणि जून गुडफील्ड यांनी ‘आयसिस’ या विज्ञानेतिहासाच्या नियतकालिकात हाच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की डोंगराला वळसा घालण्यापेक्षा रेषा सरळ डोंगरावरूनच नेली असली पाहिजे. व्हान डेर वार्डेन यांच्यासारखे मोठे गणितज्ञ हेरॉनच्या रीतीच्या बाजूने होते. मात्र बोगद्याचे इंच न इंच मोजमाप करून १९९५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध करणारे जर्मन संशोधक हेर्मान कीनास्ट यांचा कल डोंगरावरून रेषा नेण्याकडेच आहे. मलाही तेच पटते. गणित आवडणाऱ्या माणसाला हे कबूल करायला थोडे जड जाते.

डोंगरावरून रेषा कशी न्यायची? हा प्रयोग शाळेच्या आवारातही करता येतो. चार बांबू घ्यावेत. उत्तरेचा आणि दक्षिणेचा बांबू पक्के रोवलेले. टेकाडामुळे एकावरून दुसरा दिसत नाही. माथ्यावर दोन मुले एकेक बांबू घेऊन उभी राहतात. दक्षिणेकडच्या मुलाला समोर दुसरा मुलगा आणि त्याच्यापलीकडे उत्तरेचा बांबू दिसतो. तो ‘थोडा डावीकडे, आणखी थोडा’ असे सांगत त्या मुलाला रेषेत आणतो. मग दुसरा मुलगा उलट बघतो आणि पहिल्याला दक्षिणेच्या बांबूशी रेषेत आणतो. असे चार-सहा वेळा आळीपाळीने केले की चारही बांबू एका रेषेत येतात. कोन नाही, लांबी नाही, आकडा नाही. मग उतारावर मधे मधे काठ्या रोवत रेषा दोन्ही तोंडांपर्यंत आणायची. शंभर मीटरवरच्या दोन काठ्यांत दहा सेंटिमीटरची चूक राहिली तरी पाचशे मीटरवर ती पन्नास सेंटिमीटरच होते. मघाच्या पावणेनऊ मीटरांशी तुलना करावी.

उंचीचा प्रश्न वेगळा. दोन्ही तोंडे एकाच पातळीत हवीत, आणि बोगद्याचा तळही आडवा. दोन्ही तोंडांच्या उंचीत काही सेंटिमीटरांचाच फरक निघाला आहे. आपले गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीभर पातळी फिरवतात. युपालिनोसने लाकडी पन्हळीत पाणी भरून किंवा ओळंब्याच्या साहाय्याने तसेच काहीतरी केले असेल, पण एका खोलीऐवजी डोंगरभर.

बोगदा आडवा असेल तर पाणी वाहणार कसे? म्हणून तर तो चर. झऱ्याची पातळी बोगद्याच्या तळापेक्षा काही मीटर खाली आहे. चर उत्तरेच्या तोंडाशी सुमारे चार मीटर खोल आहे आणि दक्षिणेला आठ मीटरांहून अधिक. हजार मीटरला साधारण चार मीटर उतार. काम चालू असताना झऱ्याची पातळी उतरली आणि चर ठरवल्यापेक्षा खोल न्यावा लागला, असेही एक मत आहे. कारण काही असो, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. दोन टोकांकडून येणाऱ्या दोन गटांना उतार सांभाळायला सांगितले असते तर घोटाळा झाला असता. आडवा तळ साचलेल्या पाण्यानेही तपासता येतो. आधी दोन्ही बाजू भेटू देत, उतार मग पाहू. चराच्या तळाशी भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवलेले होते. प्रत्येक नळ सुमारे ७० सेंटिमीटर लांब.

एवढे करूनही काम सरळसोट झाले नाही. उत्तरेकडून खणणाऱ्यांना काही अंतरावर ठिसूळ, पाझरणारा खडक लागला. छत कोसळण्याची भीती. तेव्हा युपालिनोसने सरळ रेषा सोडून बोगदा पश्चिमेला वळवला, खराब भाग टाळला आणि पुन्हा मूळ रेषेकडे आणला. म्हणजे आता मागे वळून उजेड दिसणे बंद. इथे मात्र भूमितीखेरीज गत्यंतर नव्हते. किती वळलो, किती चाललो, आणि परत रेषेवर यायला किती वळायला हवे, याचा हिशेब अंधारात ठेवावा लागला. तो ठेवला गेल्याच्या खुणा भिंतीवर आहेत. लाल रंगात ग्रीक अक्षरे, साधारण २०.६ मीटरच्या अंतराने. हे अंतर म्हणजे बोगद्याच्या लांबीचा पन्नासावा भाग. एका ठिकाणी ‘पाराडेग्मा’ असा शब्द रंगवला आहे. त्याचा अर्थ नमुना, आदर्श. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात आज ज्या ‘पॅराडाइम’ शब्दाचा बोलबाला आहे तो याच शब्दाचा वंशज.

भेटीची जागा जवळ आली असा अंदाज आल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वांत थोर. त्याने गृहीत धरले की आपण चुकलो आहोत. दोन समांतर रेषा कधी भेटत नाहीत. दोन्ही बोगदे एकमेकांपासून चार मीटर बाजूला असतील तर सरळ खणत राहून ते कायमचे चुकतील. म्हणून त्याने दोन्ही बाजूंना मुद्दाम दिशा बदलायला लावली, म्हणजे एकाची वाट दुसऱ्याला कुठेतरी छेदणारच. उंचीत चूक असेल तर? म्हणून एका बाजूने छत वर चढवले आणि दुसऱ्या बाजूने तळ खाली घेतला. आज नकाशात भेटीच्या जागेजवळची ही वाकडी वळणे दिसतात. कोणाला वाटेल, शेवटी हिशेब फसला. प्रत्यक्षात ती वळणे म्हणजे हिशेब चुकण्यासाठी ठेवलेली जागा आहे. आपण विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत ‘चुकीची शक्यता’ हा रकाना भरायला लावतो आणि ते तो शेवटच्या पाच मिनिटांत भरतात. त्यांना हा नकाशा दाखवावा.

असे बोगदे त्याआधी झाले नव्हते असे नाही. जेरुसलेममधला सिलोआमचा बोगदा इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा, ५३३ मीटर लांब, आणि तोही दोन्ही टोकांकडून खणलेला. पण तो नागमोडी आहे. त्यातल्या शिलालेखात म्हटले आहे की तीन हात दगड उरला असताना पलीकडच्या माणसांचे आवाज ऐकू आले. सामोसमध्येही शेवटी कान उपयोगी पडले असतीलच.

खणणारे कोण होते? लेस्बोस बेटाचे युद्धकैदी, असे उत्तर अनेकदा दिले जाते. हिरोडोटसने तसे लिहिले आहे, पण ते शहराच्या तटाभोवतीच्या खंदकाविषयी. तो खंदक बेड्या घातलेल्या लेस्बोसच्या कैद्यांनी खणला. बोगद्याविषयी तो काहीच सांगत नाही. ॲरिस्टॉटलने मात्र सामोसची ही बांधकामे इजिप्तच्या पिरॅमिडांच्या पंगतीत बसवली आहेत, आणि प्रजेला गरीब व कामात गुंतवून ठेवण्याची हुकूमशहांची ही युक्ती असते असे म्हटले आहे.

पाणी या नळांतून हजारएक वर्षे शहरात येत राहिले. नळांना वरच्या अंगाला भोके पाडलेली होती, गाळ काढता यावा म्हणून. पण चुनखडीतून येणारे पाणी. नळांच्या आत क्षाराचे थर चढत गेले, जसे आपल्याकडे बोअरिंगच्या पाण्याने नळाला चढतात. सातव्या शतकाच्या सुमारास वापर थांबला. त्याच काळात समुद्राकडून हल्ले होऊ लागले तेव्हा लोक या बोगद्यात आसरा घेत. पाणी साठवायला त्यांनी आतच एक छोटे टाके बांधले, तेही अजून तिथे आहे. मग बोगदा विसरला गेला. एकोणिसाव्या शतकात हिरोडोटस हातात घेऊन शोधणाऱ्यांना तो पुन्हा सापडला, आणि १९७१ ते १९७३ या काळात जर्मन पुरातत्त्व संस्थेने उल्रिख यांत्सेन नव्हे, उल्फ यांत्सेन यांच्या देखरेखीखाली तो पुरता मोकळा केला. (नाव मी माझ्या टिपणात चुकीचे लिहून ठेवले होते. शिबिरातल्या प्रकारानंतर आता अशा गोष्टी दोनदा पाहतो.)

बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. खाली बंदर, पलीकडे तुर्कस्तानचे डोंगर. येताना एक पेला घेतला. प्रयोगशाळेच्या कपाटात तो वासुदेवाच्या पेल्याशेजारी ठेवला आहे.